शिकारी पक्ष्यांची मोजणी : नोंद डोंगरधारेवर, कारण शेतात

पर्जन्यमापकात एखाद्या दिवशी किती पाणी साचले, एवढ्यावरून गावच्या पावसाची परीक्षा होत नाही. तेच माप त्याच जागी, त्याच वेळी, वर्षानुवर्षे घेतले म्हणजे गावाचे पाऊसमान कळते आणि पिकांची योजना करता येते. नोंदीचे हे सामर्थ्य आकाशमार्गाने जाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीतही अनुभवास आले आहे. जगात काही ठिकाणी डोंगराच्या धारेवर बसून, स्थलांतर करणारे गरुड, ससाणे, घारी इत्यादी शिकारी पक्षी दरवर्षी मोजले जातात. वरवर पाहता हा हौशी माणसांचा छंद वाटेल. परंतु शेतात वापरलेल्या विषांचे दूरवर होणारे परिणाम ओळखण्यास याच मोजणीचे मोठे साहाय्य झाले आहे. शिकारी पक्ष्यांपैकी पुष्कळसे उंदीर, घुशी, टोळ आणि नाकतोडे खाऊन जगतात. त्यांची संख्या वाढते की घटते, हा प्रश्न म्हणूनच शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

पक्षी डोंगरधारेवर का एकवटतात?

गरुडासारख्या जड पक्ष्यास सतत पंख हलवीत हजारो किलोमीटर उडणे परवडत नाही. तेवढी शक्ती त्याच्या अंगी साठविलेली नसते. यास्तव तो हवेचाच उपयोग करून घेतो. सकाळी ऊन चढू लागले म्हणजे खडक व उघडी जमीन तापते, तिला लागून असलेली हवा हलकी होते आणि वर चढू लागते. अशा चढत्या झोतात पंख पसरून पक्षी गोल घिरट्या घालतो व फारसे श्रम न करता उंच जातो. झोताचा जोर संपला की पंख स्थिर ठेवून तो पुढच्या झोताकडे घसरत जातो. डोंगराच्या उतारावर आदळून वर वळणाऱ्या वाऱ्याचाही असाच उपयोग होतो. म्हणून डोंगराची लांब धार हा या पक्ष्यांचा राजमार्ग ठरतो.

समुद्रावर असे जोरदार झोत क्वचितच मिळतात. त्यामुळे हे पक्षी रुंद पाणी शक्यतो टाळतात आणि जमिनीचा मार्ग धरून वळसा घालतात. जेथे दोन खंड चिंचोळ्या भूभागाने जोडलेले असतात, तेथे विस्तीर्ण प्रदेशातून आलेले पक्षी एका अरुंद वाटेत एकत्र येतात. बाजाराच्या दिवशी चहूकडच्या बैलगाड्या नदीच्या एकाच उतारावर गोळा व्हाव्यात, त्यातलाच हा प्रकार होय. अशी जागा मोजणीस उत्तम असते, कारण अफाट मुलखात विखुरलेले पक्षी तेथे थोड्या माणसांच्या दृष्टीच्या टप्प्यात येतात.

एलात येथील वसंतातील मोजणी

अशा जागांपैकी इस्राएलच्या दक्षिण टोकावरील एलात हे गाव प्रसिद्ध आहे. ते तांबड्या समुद्राच्या अकबाच्या आखाताच्या शिरोभागी वसले असून त्याच्या पश्चिमेस उघड्या खडकांचे डोंगर आहेत. आफ्रिकेत हिवाळा काढलेले लक्षावधी शिकारी पक्षी वसंत ऋतूत युरोप, रशिया आणि मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशाकडे परततात. त्यांपैकी बहुसंख्य पक्षी या परिसरावरून जातात. येथील डोंगरांवरून १९७७ च्या वसंतात पद्धतशीर मोजणी झाली व पुढे अनेक वर्षी ती करण्यात आली.

प्रत्येक जातीची येण्याची वेळ जवळजवळ ठरलेली असते. प्रथम, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, स्टेप गरुड जातात. मार्चअखेर व एप्रिलच्या आरंभी बझर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, साधारण घारीएवढ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे येतात. मे महिन्याच्या पूर्वार्धात मोहोळ घारीच्या युरोपीय जातीची रीघ लागते. ही घार गांधीलमाश्यांची पोळी उकरून त्यांतील अळ्या खाते. १९८५ च्या वसंतात एलात येथे एकंदर सुमारे ११ लाख ९० हजार शिकारी पक्षी मोजले गेले. त्यांत मोहोळ घारी सुमारे ८ लाख ५० हजार, तर स्टेप गरुड सुमारे ७५ हजार होते.

या वेळापत्रकाचा एक उपयोग विमानदलास झाला. पक्ष्यांचे थवे कोणत्या दिवसांत, किती उंचीवरून जातात हे अभ्यासाने कळल्यावर त्या वाटा त्या काळापुरत्या टाळता येऊ लागल्या. विमान व पक्षी यांच्या टकरी त्यामुळे पुष्कळच कमी झाल्या.

मोजतात कसे?

सकाळी ऊन चढण्यापूर्वीच मोजणारे आपल्या ठरलेल्या जागी बसतात. पक्ष्यांचा ओघ रुंद असल्यास डोंगरावर ठरावीक अंतराने अनेक ठाणी नेमावी लागतात. तोच थवा दोन ठाण्यांवर दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून प्रत्येक ठाण्याची हद्द आधीच निश्चित करतात. जवळ दुर्बीण, घड्याळ, नोंदवही आणि बोटाने दाबून आकडा पुढे सरकविण्याचे छोटे गणकयंत्र एवढे साहित्य पुरते.

उष्ण झोतात शेकडो पक्षी एकत्र घिरट्या घालीत असता त्यांची मोजदाद करू लागल्यास हमखास गोंधळ होतो. अनुभवी माणूस तेव्हा थांबतो. पक्षी उंची गाठून झोतातून बाहेर पडतात व एकामागून एक रांगेने पुढे घसरू लागतात. तेव्हाच त्यांची मोजणी करतात. रांग फार दाट असेल तर प्रथम दहा पक्षी मोजून ते आकाशाचा किती भाग व्यापतात हे डोळ्यांत भरवून घेतात आणि त्या मापाने दहा-दहांचे किंवा शंभर-शंभरांचे गट मोजतात. शेतातील उभ्या पिकाचा अंदाज ठरावीक चौकोनातील रोपे मोजून बांधतात, तशीच ही रीत आहे.

दर तासाची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते. तीत पक्ष्याची जात, संख्या, ओळखता आल्यास प्रौढ की अल्पवयीन, वाऱ्याची दिशा व जोर आणि ढगांचे प्रमाण लिहितात. वाऱ्याची नोंद अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु वारा बदलला की पक्ष्यांची वाट काही किलोमीटर सरकते व ठाण्यावर पक्षी कमी दिसतात. वाऱ्याची नोंद नसल्यास पक्षीच घटले असा चुकीचा निष्कर्ष निघेल. त्याचप्रमाणे, ज्या तासात एकही पक्षी आला नाही त्या तासापुढे शून्य लिहिणे अगत्याचे असते. कोरी जागा ठेवल्यास मोजणी झाली नाही की पक्षी आले नाहीत, हे पुढे कोणास सांगता येत नाही.

अल्पवयीन गरुड दिसेनासे झाले

दीर्घकालीन नोंदीचे फळ कसे मिळते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील आहे. तेथे किटॅटिनी नावाच्या लांब डोंगररांगेवर हॉक माउंटन हे ठिकाण आहे. तेथील मुख्य मोजणी शरद ऋतूत, पक्षी दक्षिणेकडे जाताना होते. तत्त्व मात्र तेच आहे. पूर्वी या धारेवर लोक बंदुका घेऊन बसत व जाणाऱ्या पक्ष्यांना शेकड्यांनी पाडीत. ससाणे व बाज हे कोंबड्यांचे व शिकारीच्या पाखरांचे शत्रू आहेत, असा समज रूढ होता. १९२९ मध्ये राज्याने बाजाच्या एका मोठ्या जातीवर दर पक्ष्यामागे पाच डॉलरचे इनामही लावले होते. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तेथील सुमारे १,४०० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली व मॉरिस ब्राऊन यांस रखवालदार नेमले. बंदुका थांबल्या आणि त्याच वर्षी ब्राऊन यांनी जाणारे पक्षी मोजण्यास प्रारंभ केला. महायुद्धातील थोडा खंड वगळता ती मोजणी आजतागायत चालू आहे.

अमेरिकेतील पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे वय दुरून ओळखता येते. प्रौढाचे डोके व शेपूट शुभ्र असते, तर अल्पवयीन पक्षी सर्वांगाने काळसर असतो. ब्राऊन यांच्या नोंदीप्रमाणे १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी शेकडा ४० अल्पवयीन होते. १९५५ ते १९५९ या काळात हे प्रमाण शेकडा २० वर आले आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच अल्पवयीन गरुड दिसला. ज्या कळपात कालवडी जन्मास येत नाहीत, त्यातील गाई आज कितीही धडधाकट दिसल्या तरी कळपाचा शेवट ठरलेला असतो. गरुडांची स्थिती नेमकी तशीच झाली होती. केवळ एकूण संख्या मोजली असती तर हा धोका इतक्या लवकर ध्यानी आला नसता.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. या कीटकनाशकाचा वापर शेतात व अन्यत्र सर्रास सुरू झाला होता. हे औषध लवकर नाश पावत नाही. ते पाण्यात उतरते, माशांच्या चरबीत साठते आणि असे पुष्कळ मासे खाणाऱ्या गरुडाच्या शरीरात त्याचा साठा अनेक पटींनी वाढतो. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ब्राऊन यांचे आकडे पुराव्यादाखल दिले. पुढे १९६७ मध्ये ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील व नवीन अंड्यांची तुलना करून दाखविले की, शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत. डी.डी.टी.पासून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्यामुळे कवचास पुरेसा चुना मिळत नाही व उबविणाऱ्या पक्ष्याच्या भारानेच अंडे फुटते. अमेरिकेने १९७२ मध्ये डी.डी.टी.चा शेतीतील वापर बंद केला. त्यानंतर अल्पवयीन गरुड पुन्हा दिसू लागले आणि २००७ मध्ये ही जात त्या देशाच्या संकटग्रस्त जातींच्या यादीतून काढण्यात आली. भारतात डी.डी.टी.च्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी घालण्यात आली.

कारण शेतात शोधावे लागते

मोजणी रोगाचे लक्षण दाखविते. रोगाचे मूळ मात्र जमिनीवर उतरून शोधावे लागते आणि ते पुष्कळदा शेतातच सापडते.

इस्राएलमध्ये १९५० नंतरच्या दशकात शेतातील उंदरांचा उपद्रव मोडण्यासाठी थॅलियम सल्फेट लावलेले धान्य फार मोठ्या प्रमाणावर पसरले गेले. विष खाल्लेले उंदीर सुस्त होऊन उघड्यावर पडत व शिकारी पक्षी ते सहज उचलीत. परिणामी त्या देशात राहणारे व हिवाळ्यात उतरणारे शिकारी पक्षी बहुतांशी नष्ट झाले. उंदरांची वीण झपाट्याने होते, म्हणून ते पुन्हा वाढतात. गरुड वर्षाकाठी एक-दोनच पिले वाढवितो. एकाच विषाने दोघांना मारले तर प्रथम उंदीर सावरतो आणि तेव्हा त्यास खाणारा कोणी उरलेला नसतो.

अर्जेंटिनातील उदाहरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर वीण करणारा स्वेनसन बाज हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत जातो व तेथे मुख्यत्वे नाकतोडे खातो. १९९५-९६ च्या हंगामात शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले आणि त्या नाकतोड्यांमागे शेतात उतरलेले बाज हजारोंच्या संख्येने मेले. नाकतोडे फुकट खाण्यास आलेला मदतनीसच फवारणीत बळी पडला. मोनोक्रोटोफॉस हे नाव महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांस अपरिचित नाही.

यातून दुसरा मार्गही निघाला. इस्राएलमध्ये स्दे एलियाहू येथील सामुदायिक शेतीवर १९८३ पासून गव्हाणी घुबडांसाठी शेतात लाकडी पेट्या बसविण्यात आल्या. घुबड रात्री व लहान ससाणे दिवसा उंदीर टिपतात. अनुभव चांगला आल्याने ही पद्धत त्या देशात सर्वत्र पसरली व शेजारच्या जॉर्डनमध्येही तिचा स्वीकार झाला. जेथे घुबडे ठेवावयाची तेथे उंदरांचे विष मर्यादित ठेवावे लागते, हे ओघानेच आले.

महाराष्ट्राशी संबंध

एलातच्या मोजणीत १९८५ मध्ये जे स्टेप गरुड सुमारे ७५ हजार होते, ते पुढील दशकांत पुष्कळच कमी दिसू लागले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ही जात संकटग्रस्त म्हणून घोषित केली. याच जातीचे गरुड हिवाळ्यात भारतातही उतरतात. हिमाचल प्रदेशातील धर्मशाळेजवळ २००१ च्या शरदात व २००२ च्या वसंतात झालेल्या मोजणीत हिमालयाच्या कडेने हजारो स्टेप गरुड जाताना आढळले.

आपल्याकडे हा गरुड मेलेल्या जनावरांचे मांसही खातो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे मरतात, हे सिद्ध झाल्यावर जनावरांसाठी त्याच्या वापरास २००६ मध्ये भारतात बंदी झाली. त्यानंतरही राजस्थानात मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरात या औषधाचा अंश सापडला. गोठ्यातील एक टोचणी अशा रीतीने हजारो किलोमीटर दूरच्या घरट्यापर्यंत पोहोचते.

महाराष्ट्राच्या माळरानांवर हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्या जातीचे पक्षीही येतात. दिवसभर ते गवतावरून व पिकांवरून अगदी खालून तरंगत नाकतोडे, टोळ व उंदीर शोधतात. सूर्यास्ताच्या सुमारास ते ठरावीक गवताळ रानात जमिनीवर मुक्कामास एकत्र येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेस परततात. गावाजवळ असे रान असल्यास उंचवट्यावरून त्यांची मोजणी करणे कठीण नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. मोजणीसाठी टेकडीवरील अशी एक जागा निवडावी की जेथून रान दिसेल, पण पक्षी बिचकणार नाहीत. जागा दरवर्षी बदलू नये.

२. आठवड्यातील एक वार व सूर्यास्तापूर्वीचा एक तास ठरवून घ्यावा. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तो पाळावा.

३. वहीत तारीख, वेळ, वारा, ढग, पक्ष्यांची संख्या व मोजणाऱ्याचे नाव लिहावे. पक्षी न दिसल्यास शून्य लिहावे. जात ओळखता न आल्यास ‘अनोळखी’ असे लिहावे. तर्काने नाव देऊ नये.

४. शाळेतील मुलांस सोबत घ्यावे. दोघांनी स्वतंत्र मोजून आकडे ताडून पाहिल्यास चूक लवकर कळते.

५. मेलेला शिकारी पक्षी आढळल्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. जागा व दिवस नोंदवून वनविभागास व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

शेतकऱ्यांनीही पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उंदीर मारण्याचे आमिष बिळाच्या आत ठेवून बीळ बुजवावे; ते बांधावर उघडे टाकू नये. मेलेले उंदीर दररोज गोळा करून खोल पुरावेत, कारण ब्रोमाडिओलोनसारखे औषध उंदराच्या शरीरात राहते व तो खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जाते. फवारणी किडीचे प्रमाण पाहून व शिफारशीप्रमाणेच करावी. हरभऱ्यासारख्या पिकात पक्षी थांबे उभारावेत. त्यांवर बसून पक्षी अळ्या टिपतात. जनावरांस वेदनाशामक औषध देण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा व गिधाडांस सुरक्षित ठरलेले मेलोक्सिकाम वापरण्याविषयी विचारावे.

हॉक माउंटनवर १९३४ साली पहिला आकडा लिहिला गेला तेव्हा त्यातून पुढे काय निष्पन्न होईल, हे कोणासही ठाऊक नव्हते. वीस-पंचवीस वर्षांनी तुलनेची वेळ आली तेव्हा जुना आकडा हाताशी होता, म्हणूनच नव्या आकड्यातील धोका ओळखता आला. गावच्या वहीत आज लिहिलेली संख्या कदाचित सामान्य वाटेल. पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्यास ताडून पाहण्यास तीच उपयोगी पडेल. यास्तव ही वही गावच्या दप्तरात जपून ठेवावी व एका कार्यकर्त्याची बदली झाल्यास ती दुसऱ्याच्या स्वाधीन करावी.